पास झालेलं मशीन

बीपीचं मशीन घेताना खोक्यावर ‘क्लिनिकली व्हॅलिडेटेड’ असं छापलेलं दिसलं की आपण निर्धास्तपणे पैसे मोजतो. ही परीक्षा कशाशी ताडून घेतली आणि पास व्हायला किती मार्क लागतात, हे दुकानात कुणी विचारत नाही.

ताडून पाहतात ते माणसाच्या कानाशी. दंडावरचा पट्टा सैल होत जाताना धमनीत उमटणारे आवाज स्टेथोस्कोपनं ऐकायची रीत निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरानं 1905 साली सांगितली. प्रमाण म्हणून आजही तीच चालते. घरातलं मशीन काही ऐकत नाही. ते पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजतं आणि तिच्यावरून वरचा नि खालचा आकडा काढतं. तो हिशेब ज्या त्या कंपनीचा, आणि बहुधा गुपित. मग बाहेरून परीक्षा घेण्यावाचून उपाय काय?

पण कानही माणसाचाच. ऐकणाऱ्याचा कल शून्यावर संपणाऱ्या आकड्यांकडे असतो. 136 किंवा 142 असलं तरी सरळ 140 लिहिलं जातं. म्हणून परीक्षेला दोन जण बसवतात. दुतोंडी स्टेथोस्कोपनं दोघं एकाच वेळी ऐकतात, एकमेकांचा आकडा पाहायचा नाही, आणि दोघांत 4 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर ती नोंद रद्द. पूर्वी तर दर वेळी शून्याची जागा सरकवणारं एक उपकरण निघालं होतं, म्हणजे मोजणाऱ्याला खरा आकडा वजाबाकी करेपर्यंत कळूच नये. पुढे निघालं असं की ते उपकरणच थोडं कमी दाखवतं. पहारेकऱ्यावर पहारा ठेवायचा म्हटलं की हे असं होतं!

2018 मध्ये अमेरिकी आणि युरोपीय तज्ज्ञांनी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेसह एकच सामाईक पद्धत ठरवली. निदान 85 माणसं, त्यात लहानमोठे दंड, कमीजास्त दाब, बायका-पुरुष सगळे हवेत. चूक 10 मिलिमीटरपर्यंत असेल तर ती चालण्याजोगी, आणि अशी चूक असण्याची शक्यता किमान 85 टक्के निघाली की मशीन पास. उलट बाजूनं वाचलं तर 100 पैकी 15 जणांना दहापेक्षा मोठी चूक दाखवणारं मशीनही रीतसर पास होऊ शकतं. वर्गाचा निकाल 85 टक्के लागला म्हणून आपला बंड्या पास झाला असं थोडंच असतं? खरा आकडा 132 असेल आणि मशीननं 144 दाखवला, तर आयुष्यभराची गोळी सुरू होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

मला ही परीक्षा खोटी वाटत नाही. न तपासलेल्या स्वस्त मशीनपेक्षा तपासलेलं शंभरदा बरं. पण ती मॉडेलची परीक्षा आहे, आपल्या दंडाची नाही. गरोदर बायकांसाठी वेगळी तपासणी लागते, ठोके अनियमित पडणाऱ्यांच्या बाबतीत साधा निकाल लागू पडत नाही, आणि जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर चांगलं मशीनही आकडा चढवून सांगतं.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना आपलं मशीन पिशवीत टाकून न्यावं. पाच मिनिटं स्वस्थ बसून, एकाच दंडावर, दोन्ही मशीननं आलटूनपालटून मोजून घ्यावं आणि पडलेला फरक केसपेपरवर लिहून घ्यावा. डॉक्टरांचं मशीन शेवटचं कधी तपासलं होतं, हेही विचारायला हरकत नाही. जरा धाडस लागतं एवढंच.