सावलीचे खरेखोटे

दमयंतीच्या स्वयंवरात नळाच्या रूपाचे पाच जण आले होते. त्यांतील चौघे देव. त्यांना घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, गळ्यातले हार कोमेजत नव्हते, पाय भुईला टेकत नव्हते आणि सावली तर पडतच नव्हती. पाचव्याची सावली पडली होती. दमयंतीने माळ त्याच्या गळ्यात घातली. ही कथा मी वर्गात पुष्कळदा सांगितली आहे, पण तिच्यातल्या सावलीकडे माझे लक्ष गेले ते यंदा, आणि तेही परड्यांपायी!

आमच्या गोंदिया जिल्ह्यात बांबूकाम जुने. गावातल्या एक बाई सुबक परड्या विणतात. त्या इंटरनेटवरच्या दुकानांत विकाव्यात असे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मनावर घेतले. अशा दुकानांत वस्तूमागे बहुधा निव्वळ पांढरी भूमी लागते. म्हणून त्याने परडीचा फोटो घेऊन संगणकावर तिच्याभोवतीचे अंगण कापून टाकले. तशी परडी अधांतरी तरंगू लागली, स्वयंवरातल्या देवांसारखी. मग त्याने तिच्याखाली सावली रंगवली.

हे काम वाटते तितके सोपे नाही. वस्तू जिथे टेकते तिथे सावली सर्वांत गडद आणि रेखीव असते. दूर जावी तशी ती फिकट, पुसट होते. ग्रहणाच्या धड्यात प्रच्छाया आणि उपच्छाया शिकवतो, तोच हा न्याय. लख्ख उन्हात कड धारदार, ढगाआडच्या उजेडात मऊ. उजेड डावीकडून असेल तर शेजारच्या साऱ्याच वस्तूंची सावली उजवीकडे पडली पाहिजे. शिवाय सावली निव्वळ काळी नसते. भुईचा रंग तिच्यात मुरलेला असतो. आणि टेकल्या जागेची ती बारीक गडद रेघ विसरली, की वस्तू पुन्हा तरंगलीच म्हणून समजा.

पोराने हे सारे साधले होते. पण बाईंनी चित्र पाहिले आणि त्या म्हणाल्या, “गुरुजी, ही आमच्या परडीची सावली नाही जी. आमच्या परडीतून ऊन गळते.”

खरेच होते. ती सावली एखाद्या भरीव घमेल्याची होती, आणि ऐसपैस इतकी, की परडी धान्याच्या टोपलीएवढी भासावी. “सावली कोण बघते, गुरुजी?” पोरगा म्हणाला. पहिल्या खेपेतल्या तीन परड्या परत आल्या. चित्राहून लहान निघाल्या, ही तक्रार. जाण्यायेण्याचा भुर्दंड बाईंच्या माथी बसला.

आता रंगवलेली सावली म्हणजे असत्य, असे कोणी कर्मठ म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. मी कादंबऱ्या लिहितो. कधी जन्मालाच न आलेल्या माणसांच्या सावल्या पाडणे हा माझा उद्योग. आणि ती पांढरी भूमी तरी कुठे खरी आहे? जे खरे कापून टाकले ते वस्तूला परत दिले, तर त्यात पाप कसले? पाप झाले ते घमेल्याची सावली परडीच्या पायाशी आणून ठेवण्यात. वस्तूचे चित्र तिच्या रूपाशी जुळले पाहिजे, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. सावलीचे नाव त्यांत नाही. पण आकार डोळ्याला कळतो तो बराचसा सावलीवरूनच.

हे मी मोठ्या दिमाखाने सांगितले, तेव्हा पोराने मलाच पेचात टाकले. “मग कोणत्या वेळेची सावली खरी, गुरुजी?” मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास आमच्याकडे एकेक दिवस भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते; शाळेच्या पटांगणात मी ती मौज मुलांना दाखवतो. सकाळी तीच सावली काठीहून लांब असते. दोन्ही खऱ्या, आणि परडी एकीत लहान, दुसरीत मोठी!

मी विचारात पडलो. बाई मात्र उठल्या, चारच्या उन्हात परडी अंगणात ठेवली आणि तिच्या शेजारी एक पणती मांडली.

“पणती केवढी असते हे तर साऱ्यांनाच ठाऊक आहे ना जी?”

पोरगा तेव्हापासून त्या फोटोतली सावली गिरवत बसला आहे, उन्हाच्या एकेका ठिपक्यासकट.