तितिक्षा आणि पित्ताशयातला खडा

शास्त्राने मुमुक्षूला जी शमादी षट्संपत्ती सांगितली आहे, तीत तितिक्षा ही एक आहे. तितिक्षा म्हणजे सोसणे. शब्द सोपा, परंतु व्यवहारात त्याच्यासारखा घोटाळा करणारा शब्द दुसरा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीत कीर्तनासाठी हिंडताना हा घोटाळा आम्हांस गावोगाव भेटतो. बरगडीखाली उजव्या अंगाला कळ उठते, पाठीतून उजव्या फऱ्यापर्यंत जाते, ओकाऱ्या होतात, माणूस तास-दोन तास गडबडा लोळतो. मग कळ ओसरते आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत उतरतो. कोणी त्याला वायगोळा म्हणतो, कोणी पित्त खवळले म्हणतो. दवाखान्यात चला म्हटले की उत्तर तयार असते : "देवानं देल्लं हाय महाराज, सोसाच लागते." ऐकणारे माना डोलावतात, कारण वाक्य भक्तीचे वाटते.

ते खरोखर भक्तीचे आहे काय, एवढाच आमचा प्रश्न. तो आम्ही नुसता पोथीवरून विचारीत नाही. गेल्या वैशाखाच्या अखेरीस, वयाच्या ६६ व्या वर्षी, आमचे पित्ताशय आतील खड्यांसह काढण्यात आले. म्हणून पोथी आणि पोट अशा दोन्ही प्रमाणांनी विचार करावयास आम्हांस अवसर मिळाला.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. 'विवेकचूडामणी'त तितिक्षेची जी व्याख्या आहे तिचा आशय असा, की आलेले दुःख त्यावर इलाज न करता, आणि चिंता व विलाप टाकून सोसणे. इलाज न करता! मग पोट दुखले म्हणून शस्त्रवैद्याकडे धावणारा माळकरी तितिक्षेला मुकला, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

उत्तर असे. ही व्याख्या साधनेस बसलेल्या विरक्ताच्या मनाची आहे. त्याचे सोसणे त्याचे एकट्याचे असते. प्रपंचिकाचे सोसणे घरभर वाटले जाते. बाप लोळू लागला की रोवणी थांबते, आई लोळू लागली की चूल थांबते, आणि रात्री लेकरे भिंतीला टेकून जागी राहतात. जे दुःख दुसऱ्याच्या पानात वाढले जाते, ते मी एकटा सोसतो असे म्हणता येत नाही.

दुसरे असे, की सोसावयाचे काय हेही पाहिले पाहिजे. गीतेत भगवंत अर्जुनाला सोसावयास सांगतात ती शीतोष्णे, सुखदुःखे. आणि का सोसावी त्याचे कारणही तेथेच देतात, की ती येणारी आणि जाणारी आहेत. थंडी येते, जाते. वारीत पाऊस येतो, जातो. पायाला फोड येतो, जातो. पित्ताशयाच्या दुखण्यात कळ येणारी-जाणारी आहे हे खरे. खडा मात्र तसा नव्हे. कळ गेली तरी तो आत बसूनच असतो. कळ सोसणे ही तितिक्षा होईल. खडा राखून ठेवणे ही तितिक्षा कशी?

हे दुखणे आहे तरी काय, ते थोडक्यात सांगतो. यकृतात दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार होतो. त्यातला थोडा, ३० ते ५० मिलिलिटर, पित्ताशय नावाच्या लहानशा पिशवीत साठतो आणि घट्ट होतो. आपल्याकडच्या शेतावर बोडी असते ना, तशी ही बोडी. ओढा वाहतच असतो. बोडी त्यातले थोडे पाणी अडवून ठेवते आणि लागेल तेव्हा सोडते. तूप-तेलाचा घास पोटात गेला की पिशवी आकसते आणि रस आतड्यात सोडते. साठलेला रस बिघडला तर त्यात खडे धरतात, आणि पिशवी आकसताना एखादा खडा तिच्या तोंडाशी अडकला की ती कळ उठते. एका दिवसाच्या उपवासाने खडे होतात असे मुळीच नव्हे. पण ज्याच्या पोटात ते आधीच आहेत, त्याने 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीप्रमाणे दाण्याच्या कुटाची, तुपात थबथबलेली साबुदाण्याची खिचडी रिचवली, तर रात्री कळ उठल्यास नवल नाही. दोष व्रताचा नाही, फराळाचा आहे.

कोणी म्हणेल, हे प्रारब्ध आहे. असेल. पण रोग प्रारब्धाने आला म्हणावे, तर वैद्यही त्याच प्रारब्धाने भेटतो. अर्धे प्रारब्ध मानावे आणि अर्धे दाराबाहेर उभे करावे, हा कोठला न्याय? आणि आपल्या या भागात तर प्रारब्धाची भाषा फार जपून वापरली पाहिजे. येथील अनेक आदिवासी व इतर समाजांत सिकलसेलचा आजार आहे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अवेळी फुटतात. त्यांचे रंगद्रव्य पित्तात जास्त उतरते आणि त्याचे काळे खडे बनतात. ते चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांतही सापडतात. त्या पोराने कोठे तूप चापले होते? कोणते कर्म केले होते? आईबापांकडून आलेल्या रक्ताची ती घडण आहे. त्याला "सोस बाबा, पूर्वकर्म आहे" असे सांगणे म्हणजे त्याच्या कळेवर आपल्या अज्ञानाचा दगड ठेवणे होय. अशा मुलाची शस्त्रक्रिया करताना शरीरात पाणी, प्राणवायू, प्रसंगी रक्त यांची तयारी आधी करावी लागते. म्हणून आजार माहीत असल्यास तो डॉक्टरांना आधी सांगावा, लपवू नये.

पुष्कळदा सोसण्याच्या मागे वैराग्य नसतेच, भय असते. मोठी इमारत, पांढरे कोट, न कळणारी भाषा, आणि नातलगांना बाहेर काढणारा शिपाई. या भयाला हसू नये. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. त्यांनी आदिवासींनाच विचारले, की तुमचा दवाखाना कसा असावा? लोकांनी सांगितले ते असे, की तो आमच्या घरांसारखा असावा, आमची माणसे जवळ राहावीत, आणि तेथे आमची देवी असावी. म्हणून शोधग्रामचा दवाखाना पाड्यासारखा उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. तेथे बाहेरगावचे शस्त्रवैद्य येऊन शिबिरे घेतात आणि जंगलातली माणसे पोटावर शस्त्र चालवून घ्यावयास आपल्या पायांनी येतात. त्यांची तितिक्षा कमी झाली काय? नाही; भय कमी झाले.

शस्त्र हे परकीयांचे, आपल्या धर्मात ते नाही, असेही कोणी समजू नये. सुश्रुतांनी मूत्राशयातील अश्मरी शस्त्राने काढण्याचा विधी सांगितला आहे. तेथे त्यांचा विचार फार प्रामाणिक आहे : काही न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास यशाचा संशय, म्हणून अधिपतीची अनुज्ञा घेऊनच वैद्याने पुढे व्हावे. फुशारकी नाही आणि हात झटकणेही नाही. पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया मात्र अलीकडची आहे. ती १८८२ च्या जुलैत बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी केली. त्यापूर्वीचे शस्त्रवैद्य पिशवी उघडून नुसते खडे काढीत. खडे पुन्हा होत. लांगेनबुख यांचे म्हणणे असे, की पिशवीत खडे आहेत म्हणून ती काढावयाची नसून, ती खडे निर्माण करते म्हणून काढावयाची. कार्य झाडण्यापेक्षा कारण उपटावे, हे आमच्या वेदान्त्यांना कोणी वेगळे शिकवावयास नको! पुढे १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साह्याने, बारीक छिद्रांतून ती काढली. आणि १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी ती रीत आपल्या देशात आणली. आमच्या पोटावर आज चार लहान खुणा आहेत, एवढेच.

अवयव गेला म्हणजे देह अपुरा झाला, आता पूजेला बसता येईल का, असे एका वृद्ध माउलीने आम्हांस विचारले. आम्ही म्हटले, बाई, पालखीच्या रिंगणात जो अश्व धावतो, ज्याच्या टापांखालची माती तुम्ही कपाळी लावता, त्या घोड्याच्या जातीला देवाने पित्ताशय दिलेलेच नाही. आपल्या ताडोब्याच्या रानातले सांबर पाहा. त्यालाही ते नाही. बोडी बुजली म्हणून ओढा आटत नाही; पित्तरस यकृतातून थेट आतड्यात उतरत राहतो. काहींना आरंभी काही दिवस पातळ शौचास होते, तूप-तेल बेताने घ्यावे लागते. पुढे बहुतेकांचे जेवण पूर्वीसारखे होते.

मग तितिक्षा कोठे करावी? आमचे उत्तर असे, की शस्त्रक्रियेच्या आधी नव्हे, नंतर.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगविण्यासाठी वायू भरतात. त्याचा उरलेला अंश श्वासपटलाला टोचतो आणि दुखतो मात्र खांदा! दोन-तीन दिवस तो सोसावा लागतो. त्याला इलाज म्हणजे हळूहळू चालणे आणि वाट पाहणे. भूल देताना घशात नळी घालतात, त्याने आवाज बसतो. ज्याची उपजीविका आणि उपासना दोन्ही गळ्यावर, त्याने घोगऱ्या आवाजात पाणी मागावे, हे सोसावे लागते. खोकला आला की पोटावर उशी धरून खोकावे. आम्हांस सहा आठवडे जड उचलण्याची मनाई होती. डॉक्टर म्हणाले, "बुवा, वीणासुद्धा नको, अन् दोन तास उभं राहणं तर नकोच." सून पाणी देई, नातू चपला पायाशी ठेवी. जन्मभर सेवेचा महिमा सांगणाऱ्याला सेवा घेणे किती अवघड जाते, ते तेव्हा कळले. देणाऱ्याचा हात वर असतो. घेणाऱ्याला नम्र व्हावेच लागते. ही खरी शीतोष्णे. ही येतात आणि जातात. येथे इलाज नाही, येथे विलापही नको. व्याख्येतला शब्द न् शब्द येथे जुळतो.

आणि याहून एक बारीक तितिक्षा आहे. ज्येष्ठात एका गावी सप्ताह असतो. २२ वर्षे काल्याचे कीर्तन आमच्याकडे होते. यंदा एक तरुण बुवा उभे राहिले. गावचे लोक समाचाराला आले तेव्हा आम्ही विचारले, "कसे झाले?" एक म्हातारे निष्कपटपणे म्हणाले, "लय गोड झालं जी. लोकं उठतच नव्हते." ऐकून बरे वाटले, आणि बरे वाटावयास जो क्षणभर उशीर लागला, तोही आम्ही पाहिला. देह पित्ताशयावाचून चालतो, गाव आमच्यावाचून चालते. हे सोसता आले तर खांद्याची कळ ती काय!

आता वाचकांस व्यवहाराचे दोन शब्द. ज्याच्या पोटात खडे आहेत पण दुखणे कधीच नाही, अशाला बहुधा शस्त्रक्रियेची घाई नसते. डॉक्टरांना विचारून निश्चिंत असावे. परंतु कळ वारंवार येत असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी. आणि कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, किंवा कळ काही तासांत ओसरली नाही, तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. सकाळची, बाजाराच्या दिवसाची किंवा एकादशी सुटण्याची वाट पाहू नये. दिंडीत असाल तर दिंडीतून बाहेर पडावे. विणेकऱ्याने आणि चोपदाराने अशा माणसाला "नेम मोडू नको" म्हणू नये. त्याच्याबरोबर एक माणूस द्यावा.

यंदा आम्ही पायी गेलो नाही. पुष्कळांनी विचारले, नेम चुकला, खंत वाटत नाही? त्यांना आम्ही एवढेच सांगितले, की आपला देव विटेवर उभा का आहे ते आठवा. पुंडलिक आईबापांच्या थकल्या देहाची सेवा करीत होता. देव दाराशी आला तरी तो उठला नाही. वीट फेकली आणि थांबा म्हणाला. देव रागावला नाही, थांबला. आणि अजून थांबलेला आहे. देहाच्या सेवेसाठी ज्याने अठ्ठावीस युगे उभे राहणे पत्करले, तो आमच्या पोटाचे टाके भरून येईपर्यंत थांबणार नाही काय? कार्तिकीला जाऊ. तोपर्यंत अंगणात रोज थोडे थोडे चालत आहोत.