बांध आणि पाणी

आमच्या हळ्ळीखेडच्या विहिरी श्रावण-भाद्रपदात भरतात, चैत्रात तळ दाखवतात. पावसाबरोबर खतातले नायट्रेटही मुरते. लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक झाले की पाणी पिण्यास अयोग्य, पण जिभेला कळत नाही. बीदरच्या जांभ्यात बहामनींनी पंधराव्या शतकात कारेझ खोदली; तिच्या एकाच भुयारावर अनेकांची तहान भागे. पुढे इंग्रजी मुलखात १८८२ च्या कायद्याने भुईखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा मानला. आपलीही समजूत तीच. परंतु आपली बोअर शेजाऱ्याच्या रानाखालचे पाणी ओढते. हक्क बांध ओलांडतो, मग जबाबदारीनेच बांधाशी का थांबावे? कुणाचे खत कुणाच्या घागरीत उतरले, हे सिद्ध होणे कठीण. म्हणूनच हात आखडण्याचे काम कायद्याआधी ज्याच्या त्याच्या मनाचे आहे, असे मला वाटते.