परक्याची हांक

ओळखीच्या माणसानें हांक मारली असतां ओ देणें हा शिष्टाचार आहे. अनोळखी माणसानें हांक मारली असतां ओ देणें हा धर्म आहे. कारण ओळखीच्या मनुष्याला आणखी चार दारें असतात, पण परक्याला तेवढेंच एक दार असण्याचा संभव असतो. ज्याची येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी त्या शब्दाची फोड आपल्याकडे करीत आले आहेत, ती याच विचारानें. असें असतां, परक्याची हांक ऐकूनही मुद्दाम ओ न देणें हेंच शहाणपण ठरावें, अशी स्थिति एका सुधारलेल्या समाजांत कशी उत्पन्न झाली, आणि तिचा दोष कोणाच्या पदरांत घालावयाचा, हा प्रश्न एका लहानशा घटनेमुळें माझ्या मनांत घोळूं लागला. ती घटना प्रथम सांगतों.

माझा भाचा अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहतो. त्याच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत असत. २०२२ च्या जानेवारींत ते बर्फावरून घसरून पडले व त्यांना रुग्णालयांत नेण्यांत आलें. जवळचें माणूस म्हणून त्यांनीं माझ्या भाच्याचें नांव व नंबर दिला. रुग्णालयांतून तीन वेळां टेलिफोन आला; तिन्ही वेळां अनोळखी नंबर पाहून भाच्यानें तो उचलला नाहीं. निरोप ठेवावा, तर निरोपांची पेटी आधींच भरून गेलेली. ती कशानें भरली होती? तुमच्या मोटारीच्या हमीची मुदत संपत आली आहे, ती वाढवून घेण्याची ही शेवटची संधि आहे, असें सांगणाऱ्या, यंत्रानें वदलेल्या निरोपांनीं! संध्याकाळीं शेजारच्या घरांत दिवा दिसेना, तेव्हां चौकशी करीत भाचा रुग्णालयांत पोंचला. म्हातारेबोवांची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली होती. परंतु तीपूर्वीं कोणी ओळखीचें जवळ यावें म्हणून दुपारभर ते दाराकडे पाहत पडून होते. “मामा, त्यांनीं मला एका शब्दानें दोष दिला नाहीं,” भाचा मला सांगत होता. “कारण सांगितलें तेव्हां ते हंसले. त्यांनाही तेच टेलिफोन येत असत. पण ते हंसले, याचेंच मला अधिक वाईट वाटलें. माझें चुकलें का?”

या प्रश्नाला घाईनें उत्तर देण्यापूर्वीं त्याच्या पेटींतील निरोपांचा थोडा विचार केला पाहिजे. हा उपद्रव त्याच्या एकट्याच्या वांट्यास आलेला नव्हता. त्या देशाच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें जी चौकशी केली तींत असें आढळलें कीं, एकाच टोळीनें २०२१ मधील अवघ्या तीन महिन्यांत पन्नास कोटींहून अधिक नंबरांवर ५ अब्जांहून अधिक टेलिफोन केले. मोटारीच्या हमीचें निमित्त हेंच त्यांतील आमिष. हे टेलिफोन लाखों निरनिराळ्या नंबरांवरून आल्यासारखे भासविले जात. चोरानें रोज नवा मुखवटा घालावा, आणि तोही गल्लींतील एखाद्या सज्जनाच्या तोंडवळ्याचा, तसा हा प्रकार होता.

आमिषासाठीं हमीच कां निवडली, हेंही पाहण्यासारखें आहे. हमी म्हणजे मूळ अर्थानें कारागिराचा शब्द. “हें मीं केलें आहे, बिघडलें तर मी आहें,” असें तो म्हणतो, आणि त्याबद्दल निराळें मोल घेत नाहीं. वाढीव हमी ही वस्तु मात्र निराळ्या मोलानें विकावी लागते. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानें तर या दोहोंत स्पष्ट भेद केला आहे: किंमतींतच अंतर्भूत असते ती हमी, आणि जिच्यासाठीं वेगळे पैसे पडतात तो दुरुस्ती-सेवेचा करार. हा करार मुळांतच अप्रामाणिक आहे, असें माझें म्हणणें नाहीं. अनिश्चित मोठा खर्च टाळण्यासाठीं निश्चित लहान खर्च पत्करणें हें विम्याचें तत्त्व आहे, आणि विमा ही सभ्य संस्था आहे. परंतु त्याच्या विक्रींत एक विसंगति राहतेच. ही मोटार उत्तम आहे, असें ज्या तोंडानें सांगावयाचें, त्याच तोंडानें थोड्या वेळानें ती केव्हां बिघडेल याचा नेम नाहीं असेंही सांगावयाचें. ग्राहकाच्या मनांत येथेंच भीतीचें बीं पडतें. टोळीवाल्यांनीं बीं पेरलें नाहीं; दुसऱ्यानें पेरलेलें पीक त्यांनीं कापून नेलें.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनीं १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराचेंच उदाहरण घेऊन एक मार्मिक सिद्धान्त मांडला, आणि पुढें २००१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. वाईट मोटार कोणती व चांगली कोणती, हें विकणाऱ्यास ठाऊक असतें, घेणाऱ्यास नसतें. म्हणून घेणारा सर्वच मोटारींना कमी भाव देतो, आणि चांगल्या मोटारीचा धनी बाजारांतून निघून जातो. यावरून ते असें दाखवितात कीं, अप्रामाणिकपणाची किंमत म्हणजे फसलेल्याचे बुडालेले पैसे एवढीच नव्हे. प्रामाणिक व्यवहार जागच्या जागीं नाहींसा होतो, तें नुकसानही तींत धरलें पाहिजे. या बाजारांत ग्राहकाला धीर देणारें जें एक साधन त्यांनीं सांगितलें, तें म्हणजे हमी! औषधाच्याच बाटलींत विष भरावें, तसें या टोळीनें केलें.

लांडगा आल्याची खोटी आवई उठविणाऱ्या पोराची गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. तिचें तात्पर्य आपल्याला समाधान देतें, कारण तिच्यांत खोटें बोलणाऱ्याचीच मेंढरें मरतात. पण आपल्या काळांतील गोष्ट तशी संपत नाहीं. ओरडणारा पोर डोंगरापलीकडे सुखरूप असतो, आणि लांडगा येतो तो दुसऱ्याच कोणा गरिबाच्या कळपावर. २०२० सालीं साथीच्या दिवसांत रोग्यांच्या संपर्कांत आलेल्या लोकांना सावध करण्यासाठीं अमेरिकेंतील आरोग्यखात्याचे सेवक टेलिफोन करीत, तेव्हां अनेक लोक ते उचलीतच नसत. तत्त्वज्ञ कांट यानें १७८५ मध्यें म्हटलें होतें कीं, खोटें वचन देणें हा सार्वत्रिक नियम झाला, तर वचन देणेंच अशक्य होईल. त्यानें हें केवळ तर्कानें सांगितलें; आपण तें निरोपांच्या पेटींत पाहिलें.

कोणी म्हणेल, यावर कायदा हा उपाय आहे. तो आहे, आणि त्यानें कामही केलें. नको असलेल्या टेलिफोनांपासून सुटका इच्छिणाऱ्यांची नोंदवही अमेरिकेंत २००३ सालीं व आपल्याकडे २००७ सालीं सुरू झाली. २०२२ च्या जुलैंत उपरोक्त कमिशननें टेलिफोन कंपन्यांना या टोळीचे टेलिफोन अडविण्याचा हुकूम दिला, आणि २०२३ सालीं तिला जवळजवळ ३० कोटी डॉलर दंड ठोठावला. हुकुमानंतर हमीचे टेलिफोन झपाट्यानें ओसरले. पण टेलिफोन बंद झाले म्हणून टेलिफोन उचलणें सुरू झालें काय? दुधानें तोंड पोळलेला मनुष्य ताक फुंकून पितो, आणि त्याला ताक ओळखावयास शिकविणारा कायदा अद्याप झालेला नाहीं. माझीच गोष्ट सांगावयाची, तर बिनव्याजी कर्ज व स्वस्त भूखंड देऊं करणाऱ्यांना कंटाळून मीही अनोळखी नंबर घेईनासा झालों आहें. त्यांत एखादा जुना विद्यार्थी असेल, हा विचार नंबर नाहींसा झाल्यावर मनांत येतो.

तेव्हां भाच्याला काय सांगावें? तुझें चुकलें, असें म्हणणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय. तुझें कांहींच चुकलें नाहीं, असें म्हणावें, तर दुपारभर दाराकडे लागलेले ते डोळे खोटे ठरतात. मीं त्याला लिहिलें तें असें: “दोष तुझा नाहीं, पण दोष नसला म्हणजे ऋणही नसतें, असें समजूं नकोस. तुझ्या अविश्वासाचें कारण दुसऱ्यानें निर्माण केलें, तरी त्याचा भार तिसऱ्यानें वाहिला. म्हणून सावध राहणें हा जसा तुझा अधिकार, तसा त्या सावधपणाचा चटका निरपराध्याला बसूं न देणें हें तुझें कर्तव्य.”

त्याचें उत्तर चार ओळींचें होतें. तो आतां रोज रात्रीं निरोपांची पेटी रिकामी करतो. रुग्णालयाचा नंबर त्यानें नांवानिशीं नोंदविला आहे. त्यानें व म्हातारेबोवांनीं परस्परांच्या घराच्या किल्ल्या एकमेकांजवळ ठेवल्या आहेत. शेवटीं त्यानें लिहिलें होतें, “मामा, या किल्लीची हमी मात्र कोणीं विकत दिलेली नाहीं.”