दुपारचा थेंब

अम्मीला काचबिंदू आहे. डॉर्झोलामाइडचे थेंब दिवसातून तीनदा घालायचे, त्यातला दुपारचा ती रमजानमध्ये टाळते. थेंब पडला की घशाशी कडवटपणा येतो. “कडू लागलं म्हणजे आत गेलंच की,” ती म्हणते. मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. तिची शंका मला खुळी वाटत नाही. एका थेंबात ५० मायक्रोलिटरपर्यंत औषध असतं, पापण्यांच्या आड मावतं जेमतेम ३०. उरलेलं गालावर, नाहीतर अश्रुनलिकेतून नाकात आणि घशात. डोळ्याच्या आत शंभरातले ५ भागही पोचत नाहीत.

जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९९७ साली ठरवलं, की घशात उतरलेलं गिळलं नाही तर डोळ्यातल्या थेंबाने रोजा मोडत नाही. थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा २ मिनिटं दाबून धर, हेही मी तिला शिकवलंय. शिवाय आजाऱ्याला सवलत आहेच. सुटलेला रोजा पुढे कजा म्हणून ठेवता येतो; काचबिंदूने नेलेल्या नजरेला कजा नाही. शरीर अल्लाहची अमानत असेल, तर त्यातला डोळा स्वतःच्या रोज्यापायी गमावण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

मग तिला डोळ्यात सोडायच्या औषधाच्या बारीक कांडीबद्दल सांगितलं. बायमॅटोप्रोस्ट, १० मायक्रोग्रॅम. अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. औषध वेगळं, काम तेच: डोळ्यातला दाब उतरवणं. सुईने डोळ्याच्या पुढच्या भागात सोडतात. औषध काही महिने झिरपत राहतं, कांडी हळूहळू विरघळते.

“म्हणजे रोज्यातही आत औषध चालूच? मग रोजा क्षणोक्षणी मोडणार!”

पहाटे सहरीला खाल्लेली भाकरी दुपारीही पोटात पचतच असते, मी म्हटलं, तिने कुठे रोजा मोडतो? रोजा काही न घेण्याचा असतो, देहाचं काम थांबवण्याचा नाही. हे तिला पटलं. पण तिचा पुढचा प्रश्न अवघड होता: थेंब घालू की नको, हे ठरवणंच उरलं नाही, तर त्यात माझं काय राहिलं?

मला वाटतं, राहतं. कांडीला होकार तीच देणार, आणि त्या एका होकारात पुढच्या कित्येक दुपारी येतात. अम्मीला हे मान्य नाही. नीयत, म्हणजे रोज्याचा संकल्प, रोजची रोज करावी लागते, असं ती म्हणते. आम्ही हनफी, आमच्यात तसंच आहे. मालिकी पंथाचे लोक मात्र रमजानच्या सुरुवातीला केलेली एकच नीयत महिनाभर पुरते असं मानतात. डोळ्याच्या बाबतीत मला त्यांचं पटतं.