ढोल आपला, अभिमान आपला

स्वतःच्या घरच्या गाण्याचा अभिमान बाळगणे हा सद्‌गुण म्हणावा, की ते अहंकाराचेच एक सोज्वळ रूप? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. गाणे आवडले तर ऐकावे, न आवडले तर सोडून द्यावे. त्यात नीतीचा संबंध कोठे येतो? परंतु एखाद्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या असे शिकवले गेले असेल, की तुझा ढोल रानटी, तुझी बोली अडाणी आणि तुझे नाचणे पापाकडे नेणारे, तर त्या समाजाने आपला ढोल पुन्हा हाती घेणे ही निव्वळ आवडीनिवडीची बाब राहत नाही. कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाची कहाणी या दृष्टीने मनन करण्याजोगी आहे. तो देश परंपरेने कॅथलिक आहे आणि त्या कहाणीत ख्रिस्तसभेचाही वाटा आहे. म्हणून आम्हांला ती दुरून पाहून सोडून देता येत नाही.

हैती ही एके काळी फ्रान्सची सर्वांत किफायतशीर वसाहत. तेथील साखर आणि कॉफी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या घामावर पिकत असे. 1791 साली त्या गुलामांनी बंड पुकारले आणि 1 जानेवारी 1804 रोजी स्वतंत्र राष्ट्राची घोषणा झाली. गुलामांनी स्वबळावर उभारलेले असे दुसरे राष्ट्र जगाच्या इतिहासात नाही. पण राज्य हाती आले तरी रुची परक्यांकडेच गहाण राहिली. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधील सुखवस्तू घराणी फ्रेंच बोलत, पॅरिसकडे डोळे लावून बसत. ‘मेरेंग’ हे तिथले राष्ट्रीय नृत्यसंगीत. तेही पियानोवर बसवले, बैठकीच्या खोलीत आणले, तेव्हा प्रतिष्ठित झाले. खेड्यातला ढोल, बांबूचे भोंगे, क्रिओल भाषेतली कामाची गाणी यांना त्या खोलीत पाऊल ठेवायची मुभा नव्हती.

1915 ते 1934 पर्यंत अमेरिकेच्या सैन्याने हा देश व्यापला होता. त्या मानहानीच्या काळात, 1928 साली, डॉ. झाँ प्राइस-मार्स या विद्वानाने एक ग्रंथ लिहून स्वतःच्याच शिक्षित वर्गाचे कान उपटले. फ्लोबेरच्या कादंबरीतली मादाम बोव्हारी जशी आपण जी नाही ती आहोत अशा कल्पनेत जगते, तसा आपला समाज रंगीत फ्रेंच माणूस असल्याच्या भ्रमात जगतो आहे, असे त्यांचे निदान होते. आपल्या खेडुतांच्या कथा, म्हणी, गाणी आणि श्रद्धा यांतच आपले खरे धन आहे, हे त्यांनी साधार मांडले. आम्हांला हे निदान अत्यंत मोलाचे वाटते. आपल्या आईवडिलांच्या बोलीची लाज वाटणे याला आपण एरवी शिक्षणाचा परिणाम म्हणून माफ करतो. प्राइस-मार्स यांनी त्याला असत्याचा दोष म्हटले. माणूस स्वतःविषयी खोटे बोलू लागला, की इतरांविषयी खरे बोलण्याची त्याची ताकदही क्षीण होते.

आता कहाणीचा कठीण भाग. 1941 आणि 1942 या वर्षांत हैतीच्या ख्रिस्तसभेने अंधश्रद्धेविरुद्ध मोठी मोहीम उघडली. 1860 साली व्हॅटिकनशी झालेल्या करारानंतर तेथे काम करणारे धर्मगुरू बहुतांशी फ्रान्समधून, त्यातही ब्रिटनी प्रांतातून आलेले होते. व्होडू या आफ्रिकी मुळाच्या उपासनेचा त्याग केल्याची शपथ श्रद्धावंतांकडून घेतली जाऊ लागली. पवित्र मानलेली झाडे तोडण्यात आली. ढोल जप्त झाले. अध्यक्ष एली लेस्को यांच्या सरकारचा आरंभी पाठिंबा होता. आल्फ्रेद मेत्रो हे मानववंशशास्त्रज्ञ 1941 साली हैतीत होते. धर्मगुरूंच्या निवासाच्या आवारात जाळण्यासाठी रचून ठेवलेले ढोलांचे आणि पूजासाहित्याचे ढीग त्यांनी पाहिले व पुढे लिहून ठेवले. कवी झाक रूमँ यांनी मोहिमेला लेखणीने विरोध केला. जे वाचवता येईल ते वाचवावे म्हणून त्याच सुमारास, 1941 साली, त्यांच्या पुढाकाराने मानववंशशास्त्राची एक संस्था स्थापन झाली.

येथे एखादा श्रद्धावान वाचक विचारील, की अन्य आत्म्यांची उपासना चालत असताना धर्मगुरूंनी स्वस्थ बसावे काय? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. पहिली आज्ञा आपणा सर्वांनाच बांधील आहे, आणि त्या धर्मगुरूंच्या हेतूत कपट होते असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ढोल म्हणजे श्रद्धा नव्हे. हैतीच्या खेड्यांत ‘कोम्बित’ नावाची रीत आहे. एकाच्या शेतावर सारे शेजारी जमतात, ढोल आणि गाण्याच्या तालावर कुदळी एकदम उठतात, एकदम पडतात आणि दिवसअखेर सगळे एकत्र जेवतात. त्या ढोलात मूर्तिपूजा कोणती? ज्याच्या घरी गायबैल नाहीत, कागदोपत्री जमीन नाही, त्याच्यापाशी आपले म्हणावे असे जे थोडे होते त्यालाच आग लागली. देवाच्या नावाने माणसाचा अपमान झाला, तर त्यातून देवाचा गौरव होत नाही, असे आम्हांला वाटते.

याबाबत आपल्या बाजूच्या किनाऱ्याला फारसे पुढारलेपण मिरवता येणार नाही. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचून लोकांच्या सुरातच तारणाची कथा सांगितली. आणि त्याच गोव्यात 1736 सालच्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती लग्नघरांतील ओव्या आणि देशी वाद्ये निषिद्ध ठरवली. एकाच ख्रिस्तसभेच्या हातून ही दोन्ही कृत्ये घडली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली पवित्र उपासनेविषयीच्या दस्तऐवजात मिशन प्रदेशांतील लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य तो मान व उपासनेत योग्य ते स्थान द्यावे असे सांगितले. त्यानंतर हैतीत मिस्सा क्रिओल भाषेत होऊ लागली आणि ज्या ढोलासाठी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चिता रचली गेली होती तोच ढोल वेदीजवळ वाजू लागला. ज्या म्हाताऱ्या माणसांनी ही दोन्ही दृश्ये एकाच आयुष्यात पाहिली असतील, त्यांच्या मनात काय आले असेल?

इथपर्यंत अभिमानाची बाजू सरळ दिसते. ती तितकी सरळ नाही. आज हैतियन माणूस ज्या संगीताला छातीवर हात ठेवून आपले म्हणतो ते ‘कोम्पा’. सॅक्सोफोनवादक नेमूर झाँ-बाप्तिस्त यांनी ते 1955 साली लोकप्रिय केले. संथ, अखंड ठोका, घंटेचा नाद आणि जोडीने नाचावे अशी लय. त्यांचे एके काळचे सहकारी वेबेर सिको यांनी जवळजवळ तशीच चाल ‘कादान्स राम्पा’ या नावाने आणली आणि दोघांच्या चाहत्यांत वर्षानुवर्षे तट पडले. पण या घरच्या ठोक्याचे बीज मोठ्या अंशी शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या मेरेंगेतून आले होते. हे शेजारी म्हणजे कोण? 1937 साली त्रुहियो या हुकूमशहाच्या आज्ञेने सीमाभागात हजारो हैतियन मजुरांची कत्तल झाली होती. त्याच त्रुहियोने मेरेंगे हे आपल्या राष्ट्राचे संगीत म्हणून मिरवले. त्या घटनेला पुरती अठरा वर्षे होतात न होतात, तोच हैतीने त्या ताऱ्यावर आपली तार जुळवली. आम्हांला यात लाजिरवाणे काही दिसत नाही. द्वेषाच्या भिंतीला सुरांनी पाडलेली ही फट आहे. मात्र मेरेंगे मुळात कोणाची, या वादात दोन्ही देशांतली शहाणी माणसेही अजून एकमेकांवर डोळे वटारतात.

पुढे 1980 च्या दशकात ग्वादलूप आणि मार्टिनिक बेटांवरील ‘झूक’ संगीताने पॅरिस जिंकले, तेव्हा हैतीत कुरकुर सुरू झाली, की हे तर आमच्या कोम्पाचेच अपत्य. तक्रारीत तथ्य होते. हैतीचे वाद्यवृंद त्या बेटांवर कितीतरी वर्षे गाजत होते. पण ज्याने शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आनंदाने भरले, त्याने दुसऱ्या शेजाऱ्याच्या कळशीचा हिशेब मागावा, हे थोडे गमतीचे आहे.

गमतीपलीकडचा धोकाही हैतीने भोगला. प्राइस-मार्स यांनी जागवलेली अस्मिता फ्रान्स्वा दुव्हालिए यांनी उचलली आणि 1957 साली सत्तेवर आल्यावर तिचे हत्यार केले. काळ्या जनतेचा, तिच्या ढोलाचा आणि श्रद्धांचा कैवारी म्हणवणाऱ्या या अध्यक्षाच्या खाजगी टोळ्यांनी त्याच जनतेला दहशतीखाली ठेवले. वृद्ध प्राइस-मार्स यांनी 1967 साली अशा वर्णाभिमानी राजकारणाविरुद्ध खुले पत्र लिहिले. ज्याने अभिमान शिकवला, त्यालाच त्याची मर्यादाही सांगावी लागली. या वृद्धाविषयी आमच्या मनात आदर वाढतो तो येथे.

आणि तरीही तोच ढोल हुकूमशहांच्या विरुद्धही वाजला. 1791 च्या बंडातील नेत्याचे नाव धारण करणाऱ्या ‘बूकमान एक्सपेरियान्स’ या मेळ्याने व्होडूचे ताल विजेच्या गिटारीशी जुळवले. 1990 च्या कार्निव्हलात त्यांचे गाणे रस्त्यारस्त्यांवर झाले आणि लष्करी राज्यकर्ता प्रॉस्पेर आव्रिल याच्याविरुद्धचे आव्हान म्हणून लोकांनी ते ऐकले. मार्च महिन्यात तो पायउतार झाला. गाण्याने सरकार पडते असा आमचा दावा नाही. भ्यालेल्या माणसांना एकमेकांचा आवाज मात्र ऐकू येतो. आज राजधानीचा मोठा भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात आहे. जेथे ‘राम’ हा मेळा वर्षानुवर्षे गुरुवारच्या रात्री गात असे, ते ओलोफसन हॉटेल जुलै 2025 मध्ये जळून गेले. न्यूयॉर्क, मायामी, माँट्रियल येथे पांगलेल्या कुटुंबांच्या समारंभांत कोम्पा वाजतच आहे.

हैतीच्या खेड्यांत कार्निव्हल संपल्यावर ‘रारा’ सुरू होतो. राखेच्या बुधवारनंतर, नेमक्या प्रायश्चित्तकाळात, वाद्यांचे मेळे रात्रीबेरात्री रस्त्याने निघतात आणि पवित्र सप्ताहात त्यांना भर येतो. ख्रिस्तसभा मौन सांगते तेव्हाच हे भोंगे फुंकले जातात, त्यामुळे आजही अनेक धर्मगुरूंच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यांची अडचण आम्ही समजू शकतो. त्या मेळ्यातले मुख्य वाद्य ‘व्हाक्सिन’, म्हणजे बांबूचे नळे. प्रत्येक नळ्यातून एकच सूर निघतो. तीन-चार जण आपापला सूर आपल्या पाळीला फुंकतात आणि काठीने नळ्यावरच ठेका धरतात. चाल तयार होते ती सगळ्यांच्या मध्ये कोठेतरी. त्यांतला एक जण वाटेत थांबला, तर उरलेल्यांच्या चालीत तेवढी जागा रिकामी राहते आणि मेळा तसाच चालत पुढच्या वाडीकडे जातो.