वर्ष कुणाच्या नावावर?

डॉक्टरकी शिकताना एक वर्ष थांबून संशोधन करावं, की थेट पुढच्या प्रवेशाच्या मागे लागावं? प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा वाटतो. पण ते वर्ष सगळ्या घराच्या खिशातून जातं.

अमेरिकेत २०२२ पासून 'स्टेप वन' परीक्षेचे गुण जाऊन फक्त पास-नापास उरलं आणि शोधनिबंधांना भाव आला. आपल्याकडे एम.डी., एम.एस.चा प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर होतो. त्यामुळे आपली मुलं वर्षभर थांबतात ती पाठांतरासाठी. दोन्हीकडे वर्ष शिडीच्या पायरीसाठीच खर्ची पडतं.

धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झालं. तिथल्या मुलांपुढेही हा प्रश्न उभा राहील. ज्या घरात अब्बा गॅरेजात राबतात आणि धाकटी बहीण बारावीला आहे, त्या घरानं साडेपाच वर्षं आधीच वाट पाहिलेली असते. आणखी एक वर्ष मागायचं, तर ते बहिणीच्या वाट्यातून येतं. नुसत्या नावासाठी ते मागणं मला न्याय्य वाटत नाही.

मग गरिबाच्या मुलानं संशोधन करूच नये का? तसं झालं तर गरिबाच्या दुखण्याचा शोध कोण घेईल? जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशानं माणसं डोळ्यांदेखत जात होती. प्रश्न आधी भेटला, एम.डी. नंतर झाली, आणि ती घेऊन ते पुन्हा त्याच भागात परतले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'नं त्यांचं लिखाण छापलं. गंभीर दंशात पूर्वी शंभरातले सुमारे चाळीस दगावत. प्राझोसीनच्या उपचारानं ते प्रमाण एकाच्या आसपास आलं.

म्हणजे कसोटी वर्षाची नाही, प्रश्नाची आहे. 'यातून मला काय मिळेल?' एवढंच मनात असेल तर ते वर्ष घरच्यांवरचं कर्ज ठरतं. 'हे माणूस का मेलं?' हा प्रश्न झोपू देत नसेल, तर ते वर्ष मागण्याचा हक्क त्या मुलाला आहे. मात्र त्याचा भार एकट्या अब्बांनी का उचलावा? त्या शोधाचं फळ सगळ्यांनाच मिळणार असतं. लग्नाच्या एका दावतीवर आपण जेवढं उधळतो, तेवढ्यात एखाद्या मुलीचं असं वर्ष सहज निघेल. हिशेब आपणच मांडायचा आहे.